जुन्या रस्त्यातून नवा रस्ता

महामार्ग रुंद करताना जुना डांबरी थर खरवडला जातो. लहान पूल व मोऱ्या पाडल्या जातात. त्यातून निघणारा राडारोडा अनेकदा जवळच्या ओढ्यात टाकला जातो. ओढा बुजला, की पावसाचे पाणी शेतात शिरते आणि रस्त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

वस्तुतः हा राडारोडा म्हणजे खाणीतून एकदा काढलेला दगडच होय. खरवडलेल्या थरातील खडी व डांबर तापवून, त्यात नवे डांबर मिसळून पुन्हा वापरता येते. काँक्रीटमधील लोखंड वेगळे करून उरलेले तुकडे यंत्रात भरडले, की रस्त्याच्या खालच्या थरांसाठी खडी मिळते. दिल्लीतील बुराडी येथे २००९ मध्ये बांधकामाच्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प सुरू झाला. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी असा कचरा वेगळा करून साठवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर सोपवली.

मात्र माती, लाकूड व प्लॅस्टिक मिसळलेल्या ढिगाऱ्यातून चांगली खडी मिळत नाही. म्हणून वर्गीकरण कामाच्या जागीच झाले पाहिजे. जितकी खडी पुन्हा वापरात येईल, तितका डोंगर फोडावा लागणार नाही.

विचार करा : आपल्या परिसरातील राडारोडा कोठे जातो?