ओरडलात म्हणून आई वाईट ठरत नाही

प्रश्न : माझं बाळ चार महिन्यांचं आहे. घरी विड्या वळते. बाळ रडलं की हात थांबतो, हजार पुऱ्या होत नाहीत. मग त्याच्यावर ओरडते आणि नंतर स्वतःच रडत बसते. मी चांगली आई नाही का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, बाळावर माया नसती तर हे पत्र तुम्ही लिहिलंच नसतं. बाळंतपणानंतरचं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचं ओसरलेलं नाही, तेव्हा हे प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. ते बरं होतं. अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या. 'सिव्हिल'मध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा, किंवा 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास.

राग अनावर झाला तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दोन मिनिटं दाराबाहेर थांबा. त्याला गदागदा कधीच हलवू नका, मेंदूला इजा होते. रोज तासभर सासूबाईंकडे किंवा शेजारणीकडे बाळ द्या आणि त्या तासात मांडीवर विड्यांचं सूप न घेता झोपा.

स्वतःला किंवा बाळाला संपवावं असं मनात आलं, तर मात्र त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि त्यांच्यासोबत दवाखाना गाठा.