उन्हाळ्यात वाशिष्ठीला पाणी कुठून येते?

प्रश्न : आमच्याकडचे ओढे-नद्या मार्च उजाडला की कोरडे पडतात, पण चिपळूणच्या वाशिष्ठीला एप्रिल-मेमध्येही पाणी असते. तेही कधी कमी, कधी जास्त. पाऊस नसताना हे कसे?
– एक वाचक, मंडणगड

उत्तर : उन्हाळ्यात तुम्हाला दिसते ते पाणी बहुतांशी वाशिष्ठीचे नव्हेच, ते घाटापलीकडच्या कोयनेचे आहे.

कोकणातल्या नद्यांना धावायला जागाच थोडी. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र जेमतेम ५०-६० किलोमीटरवर. त्यात उतार तीव्र आणि जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहणाऱ्या नद्यांत उन्हाळ्यापर्यंत फारसे काही उरत नाही.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे निघते. पण १९६२ पासून त्यातला मोठा हिस्सा उलट दिशेला वळवला आहे. शिवसागर जलाशयातले पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून चारशे मीटरांहून अधिक खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडते. तिथून ते कोळकेवाडी धरणात जाते, पुन्हा वीज निर्माण करते आणि अखेर वाशिष्ठीत उतरते. कृष्णा पाणी तंटा लवादाने या पश्चिमेकडच्या वळवणीला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे.

पाणी कमी-जास्त होते तेही यामुळेच. विजेची मागणी वाढली की जनित्रे सुरू होतात आणि काही वेळाने चिपळूणला पात्र भरू लागते.

शहराच्या खालच्या अंगाला, गोवळकोट धक्क्याकडे, आणखी एक कारण येऊन मिळते. दाभोळच्या खाडीतून भरती तिथवर चढते. पावसाळ्यात हीच भरती घातक ठरू शकते: वरून पुराचे लोंढे आणि खालून उधाण एकाच वेळी आले, की पाण्याला वाटच राहत नाही आणि ते बाजारपेठेत शिरते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात अतिवृष्टीला भरतीचीही जोड मिळाली होती.

गोवळकोटला चढलेले पाणी भरतीचे की वीजगृहाचे, हे ओळखायचे असेल तर तीन-चार दिवस वेळा टिपून ठेवा. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. वीजगृहाच्या पाण्याला चंद्राशी देणेघेणे नाही. ते विजेच्या मागणीप्रमाणे येते.