परदेशवासांतील आशा : ऑलिव्हर टांबो यांच्या चरित्रावरून एक पाठ

ज्यास स्वदेश सोडणें भाग पडतें त्यास दोन मोह होतात. एक, गेलें तें गेलें असें म्हणून परक्या देशांतच मन रमविणें. दुसरा, परतण्याच्या दिवसाची वाट पाहत हातपाय गाळून बसणें. हे दोन्ही टाळून आशा कशी राखावी, हें दक्षिण आफ्रिकेचे पुढारी ऑलिव्हर टांबो यांच्या चरित्रावरून शिकण्यासारखें आहे.

टांबो यांचा जन्म इ. स. १९१७ त पोंडोलँडांतील एका खेड्यांत झाला. मिशन शाळांत शिकून ते जोहान्सबर्ग येथें गणित व शास्त्र शिकवूं लागले. पुढें ते वकील झाले, आणि १९५२ सालीं नेल्सन मंडेला यांच्यासह त्यांनीं वकिलीची कचेरी उघडली. काळ्या मनुष्यानें कोठें राहावें व कोणता पास जवळ बाळगावा, हें तेव्हां सरकार ठरवीत असे. ह्या कायद्यांनीं गांजलेले लोक रोज त्यांच्या दाराशीं येत. टांबो यांस अँग्लिकन मंडळीचा पाळक होण्याची इच्छा होती; परंतु १९५६ च्या डिसेंबरांत राजद्रोहाच्या आरोपाखालीं १५६ जणांस धरण्यांत आलें, त्यांत तेही होते.

ता. २१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल येथें पासांच्या निषेधार्थ जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या, व ६९ माणसें मेलीं. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी येणार हें दिसतच होतें. बाहेर जाऊन जगापुढें गाऱ्हाणें मांडावें, असें काम संस्थेनें टांबो यांस नेमून दिलें होतें. त्याच महिन्यांत ते सरहद्द ओलांडून बेचुआनालँडांत, म्हणजे हल्लींच्या बोट्स्वानांत, गेले. ते जीव घेऊन पळाले नाहींत. ते पाठविलेले होते. तरी त्याची किंमत घरच्यांनींही भरली. पत्नी अॅडिलेड लंडन येथें नर्सचें काम करून मुलांस वाढवीत होत्या, आणि मुलांच्या बापाचा काळ प्रवासांत व झांबियांतील लुसाका येथील कचेरींत जात होता.

बाबेलांतील बंदिवानांस यिर्मया संदेष्ट्यानें पत्रानें कळविलें कीं, तेथें घरें बांधा, बागा लावा आणि त्या नगराचें हित पाहा. तरी परत येण्याचें वचन त्यानें मागें घेतलें नाहीं. आफ्रिकेंतही असेंच घडलें. टांझानिया सरकारनें मोरोगोरोजवळ माझिंबू येथील घायपाताचा जुना मळा ह्या परागंदा लोकांस दिला. १९७६ सालच्या सोवेटो येथील गोळीबारानंतर देश सोडून आलेल्या मुलांसाठीं तेथें १९७८ पासून शाळा चालली. शेती झाली, दवाखाना झाला, घरें झालीं. १९९२ सालीं मायदेशीं परततांना हें सर्व त्यांनीं टांझानियाच्या स्वाधीन केलें, व आज तेथें शेतकी विद्यापीठाचे विद्यार्थी शिकतात.

परंतु अन्यायाशीं झगडणाराही अन्याय करूं शकतो, हें झांकून ठेवूं नये. १९६१ पासून ह्या पक्षानें शस्त्रही हातीं धरलें होतें. अँगोलांतील त्याच्या छावण्यांत संशयितांचा छळ झाला, व कांहींचे प्राणही घेतले गेले. १९८४ सालीं पक्षानें चौकशी केली, आणि १९८५ सालीं काब्वे येथील परिषदेंत आपल्याच माणसांच्या वर्तनासाठीं नियम केले. पुढें दक्षिण आफ्रिकेच्या सत्यशोधन आयोगानेंही ह्या छळाचा दोष पक्षावर ठेविला. न्याय मागणाऱ्यानें तो आपल्या छावणींतही केला पाहिजे.

ता. २ फेब्रुवारी १९९० रोजीं बंदी उठली. अर्धांगानें खचलेले टांबो त्याच डिसेंबरांत, तीस वर्षांनीं, मायदेशीं उतरले. ता. २४ एप्रिल १९९३ रोजीं ते वारले. पुढल्याच एप्रिलांत त्यांच्या लोकांनीं प्रथमच मत दिलें. मोशेप्रमाणें त्यांनीं तो देश दुरूनच पाहिला. परंतु माझिंबूच्या शाळेंत शिकलेलीं मुलें त्यांत प्रवेश करिती झालीं.

विचारासाठीं प्रश्न :
१. पाठविलेला आणि पळालेला ह्यांत भेद काय?
२. माझिंबू येथील लोकांनीं आपलीं घरें कोणास दिलीं, व त्यावरून काय शिकावें?
३. ज्याचें फळ आपणांस मिळणार नाहीं, असें कोणतें काम आपल्या गांवीं करण्याजोगें आहे?