खाण्यात चालते, पण श्वासात? लोण्याच्या वासामागचे डायअसिटिल

सायीचे विरजण घुसळले की ताज्या लोण्याला छान वास येतो. त्या वासात डायअसिटिल नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. विरजणातले जिवाणू ते तयार करतात. घरच्या लोण्यात ते अगदी थोडे असते, त्याला भिण्याचे कारण नाही. हेच द्रव्य कारखान्यातही बनवतात आणि पॉपकॉर्न, बिस्किटे, केक अशा पदार्थांना लोण्याचा वास यावा म्हणून वापरतात. तिथे ते पिवळसर द्रवाच्या रूपात असते आणि चटकन हवेत उडते. धोका इथे सुरू होतो.

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात जास्पर गावी मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा एक कारखाना होता. तिथे गरम टाकीत सोयाबीन तेल, मीठ आणि लोण्याचा अर्क ढवळत. सन २००० मध्ये एका डॉक्टरांनी राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले, की या कारखान्यात पूर्वी काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाला आहे. सरकारी तपासणी झाली. कधीही धूम्रपान न केलेल्या तिथल्या कामगारांमध्येही श्वासनलिका अरुंद झाल्याचे प्रमाण अपेक्षेच्या सुमारे अकरा पट आढळले.

या आजाराला ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात. फुप्फुसातल्या सर्वांत बारीक नळ्यांना इजा होते, तिथे वण धरतो आणि नळ्या आकसतात. एकदा धरलेला वण जात नाही. म्हणून हा आजार बरा करण्यापेक्षा टाळणे, हाच खरा उपचार आहे.

हे द्रव्य खाण्यासाठी सुरक्षित मानले जात होते. पण पोटात गेलेला थेंब आणि रोज आठ तास छातीत गेलेली वाफ यांत फार फरक आहे. पाकीट फोडून खाणाऱ्याचा विचार झाला, टाकीपाशी उभ्या असलेल्याचा झाला नाही. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा सुचवली : हवेच्या शंभर कोटी भागांत डायअसिटिलचे फक्त ५ भाग. त्याच्याऐवजी वापरले जाणारे पेंटेनडायोन हेही फुप्फुसाला घातक असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. म्हणजे डब्यावर ‘डायअसिटिल नाही’ असे लिहिले म्हणून निश्चिंत होऊ नये.

आपल्या वस्तीतले कितीतरी भाऊ-बहिणी खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत आणि बेकऱ्यांत राबतात. जे वासाचे अर्क किंवा पावडर हाताळतात त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

कोरडा खोकला, जिना चढताना धाप, छातीत घरघर ही लक्षणे अंगावर काढू नका. दम्याच्या पंपाने फारसा उतार पडत नसेल आणि सुट्टीच्या दिवशीही धाप कमी होत नसेल, तर जास्त सावध व्हा. डॉक्टरांना ‘मी अमुक काम करतो, अमुक अर्क हाताळतो’ हे आपणहून सांगा. अनेकदा या आजाराला दमा समजले जाते. फुंकून करायची स्पायरोमेट्री ही साधी तपासणी करून घ्या. ईएसआयचे कार्ड असेल तर ते वापरा.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क वाफ अडवत नाही. टाकीला झाकण, वाफ बाहेर खेचणारा पंखा, अर्क गरम न करता मिसळणे आणि वाफेसाठीचा योग्य मास्क, ही व्यवस्था मालकाने करायची असते. आपण कशात काम करतो आणि त्याने काय होऊ शकते, ही माहिती मागण्याचा कामगाराला कायद्याने हक्क आहे. एकट्याने विचारायला भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून विचारा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास, विमा, स्त्री-कामगारांचे संरक्षण हे प्रश्न त्यांनी हाती घेतले. कामगाराचा देह ही स्वस्त वस्तू नाही, हे त्यामागचे सूत्र होते. सम्यक आजीविका म्हणजे दुसऱ्याला इजा न करता मिळवलेली भाकर. तो नियम कामगाराइतकाच मालकालाही लागू आहे.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा शेजारी बसलेल्याला एवढेच विचारा : दादा, ताई, तुम्ही काम करता तिथली हवा कशी आहे?

जय भीम!