अलार्म आला की आधी वेळ पाहा

चि. बाळास,


खैरलांजीच्या मोबाइल टॉवरची साइट तुझ्याकडे आली, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. तिथला एक सेक्टर पडला की रात्री-अपरात्री १०८ ला फोन लावणाऱ्याची पंचाईत होते, तेव्हा हे काम मन लावून कर.

ॲम्प्लिफायरचा अलार्म सारखा येतो आणि रेडिओ युनिट, म्हणजे आरआरयू, बदलायचं चाललंय, असं तू लिहिलंस. थोडं थांब. अलार्म रेडिओ देतो, म्हणून दोष रेडिओतच असतो असं नाही. पाठवलेल्या शक्तीतली किती परत फिरली, हे तो मोजतो. परत फिरण्याचं माप असलेला व्हीएसडब्ल्यूआर १.५ असेल तर ४ टक्के, म्हणजे ४० वॅटमागे १.६ वॅट. तो ३ वर गेला की पाव हिस्सा, तब्बल १० वॅट, उलटे येतात. मग रेडिओ जीव वाचवायला शक्ती कमी करतो किंवा कॅरियर बंद करतो. अशा वेळी ॲम्प्लिफायर बहुधा धडधाकट असतो, वांधा जोडकेबलीत, म्हणजे जंपरमध्ये, किंवा कनेक्टरमध्ये असतो.

म्हणून टॉवरवर माणूस चढवण्याआधी नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या एनओसीकडून अलार्मच्या वेळा मागव. पावसात आणि पहाटेच्या दवात येतो, ऊन चढलं की जातो, तर पाणी शिरलंय समज. धानाच्या बांध्या भरल्या की तुमच्याकडची हवा कशी ओलीचिंब असते, तुला ठाऊकच आहे. मे महिन्यात भर दुपारी येत असेल तर तापमान बघ, आरआरयूच्या उष्णता फेकणाऱ्या पात्यांत धूळ किंवा पाखराचं घरटं सापडेल. वीज गेल्यावर येत असेल तर बॅटरी आणि ४८ व्होल्टचा पुरवठा तपास.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक फसतात. पाणी शिरतं वर, अँटेनाच्या तोंडाशी, आणि केबलच्या आतून ओघळत दिसतं खाली, रेडिओच्या तोंडाशी. खालचा कनेक्टर पुसून घट्ट केला की अलार्म जातो, चार दिवसांनी परत येतो. कनेक्टर उघडलास की पुसण्याआधी नीट बघ, फोटो काढ. मधली पिन हिरवट-काळी पडली असेल तर तो जंपर पुसत बसू नकोस, बदल. टेप लावताना शेवटचा थर खालून वर गुंडाळ, म्हणजे पाणी घडीवरून ओघळेल, घडीत शिरणार नाही. ४.३-१० कनेक्टरला ५ न्यूटन-मीटरचा टॉर्क पुरतो, जुन्या ७/१६ ला २५ लागतो. पान्याच्या अंदाजावर जाऊ नकोस.

तरी शंका राहिली तर दोन पोर्टचे जंपर अदलाबदल कर. अलार्म केबलीमागे गेला तर दोष केबल-अँटेनात, त्याच पोर्टवर राहिला तर रेडिओत, आणि मग खुशाल बदल. मात्र कुठलाही जंपर उघडण्याआधी सेक्टर लॉक करून घ्यायचा, एनओसीचा होकार कानांनी ऐकायचा. चालू पोर्ट उघडणं हे ॲम्प्लिफायरला आणि टॉवरवर चढणाऱ्या रिगरच्या हाताला, दोघांनाही घातक.

केबल तपासायच्या साइट मास्टरवर दोषाचं अंतर मोजताना केबलचा वेग-गुणक भर. ०.८८ ऐवजी १ राहिला तर ३० मीटरवरचा दोष ३४ मीटरवर दिसेल आणि रिगर भलताच जोड उघडून बसेल.

गेल्या महिन्याभराच्या अलार्मच्या वेळा आणि त्या दिवसांचं हवामान एका कागदावर लिहून पाठव. पाहून सांगतो.

तुझा,
मामा