एका कागदावरचं दुकान : आरन माँटगोमेरी वॉर्ड



नंदुरबार जिल्ह्यातलं मणिबेली डोळ्यांसमोर आणा. सरदार सरोवराच्या काठावरचं, सातपुड्याच्या डोंगरातलं गाव. अशा ठिकाणी बाजार लांब, त्यामुळे दुकानदार सांगेल तो भाव. मुलांना विचारा, "दुकानच घरी आलं तर?" आज मोबाइलवर हे घडतं. पण दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत ते एका कागदावर घडलं होतं.

वॉर्ड यांचा जन्म 1843 चा. घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, मग पिंपांच्या फळ्यांचा कारखाना आणि वीटभट्टी. पुढे फिरते विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडताना शेतकऱ्यांची एकच तक्रार कानावर यायची : माल हलका, भाव मात्र चढा. माल गावात पोहोचेपर्यंत मधला प्रत्येक जण आपला नफा चढवायचा.

मग मधले हातच काढले तर? घाऊक माल रोखीने घ्यायचा आणि रेल्वेने थेट गिऱ्हाइकाला पाठवायचा. 1871 च्या शिकागोच्या आगीत त्यांचा पहिला साठा जळाला. तरी 1872 मध्ये 163 वस्तूंची एकपानी यादी निघालीच!

खरी अडचण होती विश्वासाची. माल पाहिलेला नाही, माणूस पाहिलेला नाही; पैसे कोण पाठवणार? एका वर्तमानपत्राने तर ही फसवणूकच ठरवली, नंतर शब्द मागे घेतले. 1875 मध्ये वॉर्ड यांनी जाहीर केलं : माल पसंत नसेल तर पैसे परत. 1883 पर्यंत यादी सुमारे 10,000 वस्तूंवर गेली. चिडलेल्या दुकानदारांनी काही गावांत तिची होळीही केली.

आपल्याकडे हीच भीती टपालाच्या व्ही.पी.पी.ने घालवली : पार्सल हातात पडल्यावरच पैसे पोस्टमनला द्यायचे.

वर्गात काय घ्याल?
1. एकाच वस्तूचे गावातले आणि बाजारातले भाव मुलांनी लिहावेत, फरक काढावा. वाहतूक किती, नफा किती, यावर बोलावं. घरच्या बोलीत बोलली तरी चालेल.
2. न पाहणाऱ्याला वस्तू कळेल असं चार ओळींचं वर्णन लिहावं.

शेवटी एक प्रश्न जरूर विचारा. वॉर्ड उधार देत नसत. गावचा दुकानदार अडीअडचणीला देतो. मग गावाला कोण हवा? उत्तर आपण सांगू नका. मुलांना भांडू द्या, पटवू द्या. धडा तिथेच आहे.