एक डिस्क गेली, लिनक्स उठेना: किती पैसे मोजाल?

दोन डिस्कचा रेड-वन आरसा आहे, एक डिस्क गेली आणि मशीन सुरूच होत नाही. अशा वेळी कोणी ‘डेटा रिकव्हरी’चे दहा-पंधरा हजार सांगितले, तर सरळ नाही म्हणा. दुसरी डिस्क धडधाकट असेल तर डेटा जागेवर आहे. गेलाय तो ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम. आरसा पार्टिशनांचा असतो. डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसणारा ग्रब त्यात येत नाही. बरेचदा तो एकाच डिस्कवर टाकलेला असतो आणि नेमकी तीच जाते.

दुरुस्तीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पेनड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू घ्यायचं (त्यात आरसा सांभाळणारं एमडीएडीएम आधीपासून असतं), उरलेल्या डिस्कवर अर्धा आरसा उभा करायचा, सीएचरूटने डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरून तिच्यावर ग्रब-इन्स्टॉल चालवायचं. जाणत्याला तासाभराचं काम. माझ्या मते हजार-दीड हजार रुपये रास्त, वर 18 टक्के जीएसटी. नव्या धाटणीच्या यूईएफआय मशीनवर ग्रब ईएसपी नावाच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये राहतो. दुसऱ्या डिस्कवर त्याला जागाच ठेवली नसेल तर काम वाढतं, बिलही.

खरा पैसा जातो नव्या डिस्कमध्ये. ती जुनीइतकी किंवा मोठी हवी; आरशाला पार्टिशन जरासं लहान पडलं तरी तो ते घेत नाही. दुकानात डिस्कची लिहिण्याची पद्धत ‘सीएमआर की एसएमआर?’ हे विचाराच. एसएमआर स्वस्त पडते, पण आरसा पुन्हा भरताना रडवते. वॉरंटीही पाहा: सीगेटच्या आयर्नवुल्फला 3 वर्षं, प्रोला 5. मात्र वॉरंटीत डिस्क परत दिली की तिच्यावरचा तुमचा डेटाही जातो. हिशेबाच्या फाइली असतील आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर मी वॉरंटीवर पाणी सोडेन.

नवी डिस्क जोडल्यावर 4 टीबीचा आरसा सेकंदाला 150 एमबीने भरायला साडेसात तास लागतात. तोवर कारागिराला बसवून ठेवू नका, तासावर पैसे लागतील. आरशाची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये ‘यू’शेजारची अधोरेषा जाऊन दोन ‘यू’ दिसले, की त्याला परत बोलवा. नव्या डिस्कवरही ग्रब टाकून घ्या आणि पैसे देण्याआधी एकेक डिस्क काढून मशीन सुरू करून दाखवायला सांगा. पहिली परत जोडून दोन ‘यू’ येईपर्यंत दुसरीला हात लावू देऊ नका, नाहीतर दोन्हींवर वेगवेगळा डेटा होऊन बसेल.